सहा साधे की एक भारी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज सिस्टरना सांगून टाकलं. हा महिना संपला की मी येणार नाही.

डायलिसिस सुरू होऊन सात आठवडे झाले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी दहा ते दुपारी दोन. दोन्ही मूत्रपिंडांनी राजीनामा दिल्यामुळे रक्त गाळायचं काम मशीन करतं आणि मी नुसता खुर्चीत आडवा पडून असतो. गेल्या गेल्या वजन करतात. सगळी नोकरी मी वजनमापे निरीक्षक म्हणून दुकानदारांचे काटे तपासण्यात घालवली, आता आठवड्यातून तीनदा मलाच काट्यावर उभं करतात. त्यांचा काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो असं मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. मग घरचं खात्रीचं वजन पिशवीतून नेऊन ठेवून बघितलं. काटा बरोबर निघाला. उगाच वाईट वाटलं.

लेक मला स्कूटरवर सोडते आणि न्यायला येते. त्यासाठी प्रयोगशाळेतून आठवड्यात तीनदा अर्धी रजा. हिची आई जाऊन चार वर्षं झाली. हे सगळं कुणासाठी आणि किती दिवस, याचं उत्तर मला देता येत नाही. लेकीला अजून काही बोललेलो नाही.

सिस्टर सुया काढत होत्या तेव्हा सांगितलं. सुई निघाली की त्या जागी दहा मिनिटं कापूस दाबून धरायचा असतो. एरवी तो आमचा आम्हीच धरतो. आज सिस्टरनीच धरला, पूर्ण दहा मिनिटं. मग एकदम म्हणाल्या, "काका, तुम्ही तपासणी खात्यात होतात ना? आपल्या टीव्हीचा बॉक्स बंद पडलाय. नवा घ्यायचाय आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. एवढं बघाल का?"

हॉलमध्ये सहा खुर्च्या, प्रत्येकीसमोर एक छोटा टीव्ही, पण सेट-टॉप बॉक्स सगळ्यांत मिळून एकच. सहाही टीव्हींवर तेच दिसायचं. गेल्या आठवड्यापासून तेही दिसत नाही. तक्रार सर्वांत जास्त मीच केली होती, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

मूळ मुद्दा बहुधा मशीनच्या आवाजात त्यांना ऐकूच गेला नाही. पुन्हा सांगेन कधीतरी.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दुकानात जाऊन आलो. दुकानदार तरतरीत माणूस. मी वहीपेन काढल्यावर जरा बिचकला.

मामला असा आहे. साधा बॉक्स म्हणजे नुसता टीव्ही: नंबर दाबा, चॅनेल बघा. भारी बॉक्स चालू कार्यक्रम थांबवून ठेवतो, हवा तो साठवून ठेवतो आणि नंतर दाखवतो. सहा साध्यांना जेवढे पडतात तेवढ्यातच एक भारी येतो. म्हणजे प्रत्येकाला आपापला साधा, किंवा सगळ्यांत मिळून एक भारी.

"काका, सरळ सांगू?" दुकानदार म्हणाला. "माणसाला आपलं आपलं असलेलं बरं. रिमोटवरून भांडणं नकोत."

मला पटलं. आमच्या हॉलमध्ये रिमोटवरून रोज खडाजंगी व्हायची. खुर्ची नंबर दोनवर बसचालक आहेत, त्यांना सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणतात. त्यांना सामना हवा. तीन नंबरवर ताई. त्या शिवणकाम करतात, आम्हा सगळ्यांत जुन्या, नऊ वर्षं डायलिसिसवर. त्यांना बाराची मालिका हवी. मला बातम्या. जिंकायच्या नेहमी ताईच.

अहवाल आजच लिहून टाकला असता. सिस्टरना फोन केला तर म्हणाल्या, "छे हो, असं ऐकीव माहितीवर नको. दोन्ही प्रकार दोन-दोन आठवडे लावून बघा. दुकानदार देतो म्हणालाय." म्हणजे त्यांनी आधीच बोलून ठेवलं होतं. बाई कामाची पक्की आहे. आमच्या खात्यात असती तर वर गेली असती.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सहा साधे बॉक्स लागले. मी प्रत्येकाची परीक्षा घेतली. चालू व्हायला सरासरी चाळीस सेकंद. पाच नंबरचा अठ्ठावन्न, तो बदलून मागितला. प्रत्येकाला कानात घालायच्या वायरी दिल्यात, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याला नको.

चार तास बातम्या बघितल्या. कोणी मधे बोललं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

हॉल शांत. ड्रायव्हरसाहेबांनी आज एकही विनोद केला नाही. सामना बघत होते. वाकून बघितलं तर डोळे मिटलेले.

शांतता ही चांगलीच गोष्ट आहे. वहीत "शांतता: उत्तम" असं लिहिलं. त्याच त्याच बातम्या चौथ्यांदा ऐकल्या.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज अक्षर वाईट येईल.

साडेअकराच्या सुमाराला मी सहज उजवीकडे बघितलं. ताईंचा मोकळा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता. टीव्ही चालू, कानात वायरी, मान एका बाजूला. झोप लागली असेल असं पहिल्यांदा वाटलं. पण ताई दिवसा झोपणाऱ्यातल्या नाहीत. आणि बोटं पांढरीफटक पडली होती. मी हाक मारली. मग ओरडलो. ड्रायव्हरसाहेबांना माझं ओरडणं ऐकूच आलं नाही, त्यांच्या कानात वायरी. चौघांच्याही कानात वायरी. सिस्टर पलीकडच्या खोलीत नव्या पेशंटचे कागद भरत होत्या. मी शेवटी पाण्याची स्टीलची बाटली जमिनीवर आपटली.

सिस्टर धावत आल्या. ताईंचं ब्लडप्रेशर एकदम खाली गेलं होतं. खुर्ची मागे टाकली, पाय वर केले, सलाईन सोडलं. पाच मिनिटांनी ताईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "कोणी काय फोडलं?" तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

प्रेशर पंधरा मिनिटांपूर्वीच मोजलं होतं, तेव्हा बरोबर होतं. चूक कोणाचीच नाही. पण मी घरी येऊन विचार करत बसलो. पूर्वी एकच मालिका सगळे बघायचो तेव्हा ताईंच्या तोंडाचा पट्टा अखंड चालायचा. "या मेलीला काही कळतं का!" "अरे, दार लाव आधी!" असं पडद्याला सांगायच्या. त्या दोन मिनिटं गप्प झाल्या असत्या तर सगळ्या हॉलने माना वळवल्या असत्या.

वहीतलं "शांतता: उत्तम" खोडलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज मी गेलो नव्हतो. जाणार नव्हतो, असं लिहायला हवं.

परवा लेक फोनवर कोणाशी तरी बोलत होती. तिला नव्या प्रयोगशाळेची प्रमुख करत आहेत, पण तिथे दिवसभर थांबावं लागेल. "नाही जमणार हो," ती म्हणत होती. "बाबांचं आहे ना." आवाजात तक्रार नव्हती. तेच जास्त लागलं. तक्रार असती तर भांडता तरी आलं असतं.

म्हणून आज सकाळी तिला खोटं सांगितलं, केंद्राला सुट्टी आहे, मशीनची दुरुस्ती. ती कामावर गेली. मी खिडकीशी बसलो. श्वास जरा लागत होता. पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता.

अकरा वाजता सिस्टरचा फोन. "काका, अहो भारी बॉक्स घेऊन माणूस आलाय. ज्यांच्या देखरेखीखाली तपासणी चाललीय त्यांची सही असल्याशिवाय लावत नाही म्हणतो. मी काय करू आता? तो परत चाललाय."

"तुम्हीच करा की सही."

"मला नाही चालणार म्हणतो. नियम आहे."

नियम आहे म्हटल्यावर माझा नाइलाज झाला. पाठोपाठ मागून ड्रायव्हरसाहेबांचा आवाज, "साहेब, भाऊ आलाय मला डबा द्यायला, त्याला गाडी घेऊन पाठवतोय. खाली येऊन थांबा."

पोचलो तेव्हा चार नंबरची, माझी खुर्ची रिकामी होती. मशीन धुवून, नळ्या लावून तयार. कोणी दुसरा आला नसेल. आलोच आहे तर बसा, असं सिस्टर म्हणाल्या. वजन साडेतीन किलो जास्त भरलं, सगळं अंगात साचलेलं पाणी. सिस्टरनी काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.

बॉक्सवाल्याचा फॉर्म मी नंतर मागून घेऊन वाचला. त्यात सहीची जागाच नव्हती. अशी माणसं नियमांचा गोंधळ करतात आणि आमच्यासारख्यांची धावपळ होते. त्याला चांगलं धारेवर धरणार होतो, पण तो निघून गेला होता.

दोन तासांनी श्वास मोकळा झाला. इतका मोकळा श्वास असतो हे विसरलोच होतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर

भारी बॉक्सचा रिमोट माझ्याकडे. एकमताने. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "सरकारी माणूस आहे, लाच खाणार नाही."

या बॉक्सची मुख्य करामत म्हणजे थांबवणं. बटण दाबलं की सहाही पडदे जागच्या जागी उभे. पुन्हा दाबलं की तिथूनच पुढे. बाराची मालिका रविवार सोडून रोज असते आणि आपण येतो दिवसाआड, म्हणून मी शुक्रवारचा भाग साठवून ठेवला होता. ताईंचा विश्वासच बसेना. "घरी टीव्ही कुठंय? नऊ वर्षं मी मधले भाग मनानेच जुळवत आले," म्हणाल्या.

मालिका भयंकर आहे. एक बाई दोन महिन्यांपासून एक पत्र उघडत नाहीये.

आता वायरी नाहीत, आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून येतो. ड्रायव्हरसाहेबांनी मालिकेतल्या सासऱ्याला गाडी मागे घ्यायला शिकवली. म्हणजे सासरा पडद्यावर गाडी मागे घेत होता आणि हे खुर्चीतून ओरडत होते, "अहो डावीकडे! डावीकडे! गेला खांबात!" पाच नंबरचे गृहस्थ, ज्यांचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता, ते खो खो हसले.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पाच नंबरच्यांच्या पायात गोळे आले. डायलिसिसमध्ये ते येतात आणि माणूस अक्षरशः ओरडतो. मी काही न ठरवता बटण दाबलं. सिस्टर त्यांची पोटरी चोळत होत्या तोवर आम्ही सगळे थांबलो. आठ मिनिटं. कोणी कुरकुरलं नाही. बरं वाटल्यावर ते लाजून म्हणाले, "माझ्यामुळे खोळंबा झाला तुमचा."

ताई म्हणाल्या, "आम्हाला कुठे गाडी पकडायचीय?"

मोजूनच पाणी प्यायचं पथ्य तीन दिवस नीट पाळलंय. सहज.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज पाळी माझी होती.

काय झालं ते मला नीट आठवत नाही. मालिकेतला माणूस त्या बाईच्या दाराशी आला होता. ती आत पत्र हातात घेऊन उभी. मग मळमळलं, घाम फुटला, समोरचं सगळं करडं झालं. सिस्टरचा हात कपाळावर होता एवढं कळत होतं. आणि कोणीतरी माझ्या मांडीवरून रिमोट उचलला.

डोळे उघडले तेव्हा समोर तो माणूस दाराशी उभा होता. हात उचललेला, ठोठावण्याच्या बेतात. मी मान वळवली. शेजारच्या पडद्यावर तोच माणूस, तोच हात. पलीकडे तोच. सहाही पडद्यांवर तो तसाच उभा. हॉलमध्ये फक्त मशीनचा आवाज. आणि पाच माणसं पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"पंचवीस मिनिटं," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "बिचाऱ्याचा हात भरून आला असेल. लावू का पुढे?"

मी मान हलवली.

माणसाने दार ठोठावलं आणि तिथेच भाग संपला. ताईंनी त्या लेखकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी हसलो आणि डोळ्यांतून पाणीही आलं. औषधाने तसं होतं, असं मी सिस्टरना म्हणालो. "होतं कधीकधी," त्याही म्हणाल्या.

लेकीची आई होती तेव्हा मला कामावरून उशीर झाला तरी जेवायची थांबायची. त्यानंतर कोणी माझ्यासाठी थांबल्याचं आठवत नाही. हे खरं नाही. लेक स्कूटर घेऊन फाटकाशी रोज थांबलेली असते. मी ते थांबणं तिच्या डोक्यावरचं ओझं म्हणूनच मोजत आलो. मोजमापाच्या बाबतीत माझी चूक होऊ शकते हे लिहितानाही जड जातंय.

रविवार, ३० नोव्हेंबर

अहवाल पूर्ण केला. चार पानं. शेवट इथे उतरवून ठेवतो:

"साधा बॉक्स वापरायला सोपा, पटकन शिकता येणारा आणि आपले काम चोख करणारा आहे. एकट्या माणसाच्या घरी तो पुरेसा आहे. या हॉलसाठी मात्र एकच भारी बॉक्स घ्यावा अशी शिफारस आहे. कारण तो थांबतो."

शेवटचं वाक्य सरकारी भाषेत बसत नाही. तीनदा बदलून बघितलं, मग तसंच ठेवलं.

दुसरं म्हणजे, ड्रायव्हरसाहेबांचा भाऊ त्यांना गाडीने सोडतो तो आमच्याच रस्त्याने. परवापासून मला घेऊन जाईल. येतानाही. मी म्हटलं, "पेट्रोलचं काहीतरी..." तर ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "साहेब, तुम्हाला लाच चालत नाही, आम्हालाही नाही."

लेकीला जेवताना सांगितलं. आधी तिच्या लक्षातच आलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी..."

"म्हणजे तू उद्या फोन करून हो म्हण," मी म्हणालो. "आणि गुरुवारी वीस तारखेला सुट्टी नव्हती. मी खोटं बोललो होतो."

"माहितीये, बाबा," ती म्हणाली आणि मला आणखी भाजी वाढली. कसं माहीत ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. या घरात माझ्या पाठीमागे बरंच काही चालतं असं दिसतंय.

मंगळवार, २ डिसेंबर

अहवाल सिस्टरना दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, शेवटच्या पानावर जरा जास्त वेळ. मग फाईलला लावला. आज हॉलमधल्या सगळ्या फायली मी बघितल्या, नीटनेटक्या आहेत.

सुया काढताना मी म्हणालो, "सिस्टर, महिन्यापूर्वी मी तुम्हाला काहीतरी बोललो होतो. तुम्हाला ऐकू गेलं होतं का?"

"कधी?" कापूस शोधत त्या म्हणाल्या. "इथे मशीनच्या आवाजात काय ऐकू येतंय, काका."

"काही नाही. महत्त्वाचं नव्हतं."

"मग गुरुवारी जरा लवकर या. पाच नंबरच्यांना सामना साठवायला शिकायचंय."

शनिवार, ६ डिसेंबर

ताई आल्या नाहीत. ताप आहे, मोठ्या रुग्णालयात ठेवलंय. छातीत संसर्ग, असं सिस्टर म्हणाल्या, आणि पुढचं विचारायची कोणाची छाती झाली नाही. नऊ वर्षं डायलिसिसवरचं शरीर.

बारा वाजले. मालिकेची वेळ. रिमोट माझ्या हातात. मी सगळ्यांकडे बघितलं. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "साठव रे बाबा नुसतं." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते मला साहेब म्हणाले नाहीत.

साठवलं. बातम्या लावल्या. कोणी बघितल्या नाहीत.

गुरुवार, ११ डिसेंबर

सहा भाग साठलेत. ड्रायव्हरसाहेबांच्या बायकोने घरी मालिका बघितली आणि पत्रात काय होतं ते सांगायला लागली, तर हे कानावर हात ठेवून गच्चीवर जाऊन बसले. पन्नाशीचा माणूस.

ताईंचा ताप उतरतोय. सिस्टर काल ड्यूटी संपल्यावर बघून आल्या. ताईंनी विचारलं म्हणे, "तीन नंबरला दुसऱ्या कोणाला बसवलं नाही ना?"

मंगळवार, १६ डिसेंबर

ताई आल्या.

चाकांच्या खुर्चीतून आल्या, निम्म्या झाल्यासारख्या. वजन चार किलोने उतरलंय. मी काट्याशी उभा होतो, आकडा बघितला, मोठ्याने वाचला नाही. तीन नंबरवर बसवलं. टेकून जरा वेळ डोळे मिटून घेतले त्यांनी. पाच नंबरच्यांनी घसा खाकरला.

मग ताई डोळे न उघडताच म्हणाल्या, "तर? काय होतं त्या पत्रात?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे? अजून उघडलं नाही तिने?"

"उघडलंय म्हणतात," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "आम्ही बघितलं नाही."

ताईंनी डोळे उघडले. एकेकाकडे बघितलं. "दहा दिवस? कोणीच?"

"नऊ भाग आहेत," मी सांगितलं. "सगळे क्रमाने. मी तपासलेत."

"वेडे आहात सगळे," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण आमच्या ताईंचाच होता. मग त्यांनी बाही वर सारली आणि हात सिस्टरपुढे केला. सिस्टरनी नेहमीपेक्षा सावकाश जागा शोधली, सुई टोचली, नळी जोडली, पट्टी लावली. मशीनमध्ये रक्त फिरायला लागलं.

तोवर आम्ही पाचजण थांबलो. मग मी बटण दाबलं.